दहा बाटल्या, तीस वर्षं : रेड वाइन मुरते म्हणजे काय होतं?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत वाइनचं काय काम? प्रश्न रास्त आहे. वाइन कशी प्यावी, कोणती प्यावी हे सांगायला आपण इथे जमलेलो नाही. आपल्यापैकी बरेच जण तिला हातही लावत नसतील, तरी आजच्या विषयात त्यांची अडचण होणार नाही. आपल्याला बघायचा आहे तो निवाड्याचा प्रश्न. एखादी वस्तू आज हातात आहे. ती आज कशी आहे हे आपण सांगू शकतो. पण 'ही वीस वर्षांनी उत्तम होईल' असं कोणी जाणकार ठामपणे म्हणाला, तर त्याचं म्हणणं कशाच्या जोरावर मानायचं? आणि वीस वर्षांनी ते कोणी तपासून बघतं का?

बहुतेक वेळा कोणी बघत नाही. तोवर सांगणारा निघून गेलेला असतो, ऐकणारे विसरलेले असतात आणि वस्तू संपलेली असते. पण एकदा असं घडलं, की दहा रेड वाइनबद्दल असा वाद झाला आणि त्याच वाइन पुढे दोन वर्षांनी, दहा वर्षांनी आणि तीस वर्षांनी पुन्हा चाखल्या गेल्या. आज आपण त्या दहा बाटल्यांच्या मागे जाऊ. मात्र त्याआधी थोडी पूर्वतयारी करावी लागेल.

मुरणं आणि शिळं होणं

मराठीत आपल्याकडे एक फार चांगलं क्रियापद आहे : मुरणं. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो. मुरणं म्हणजे जुनं होणं खरं, पण प्रत्येक जुनी वस्तू मुरलेली नसते. भात शिळा होतो, दूध नासतं, तेल खवट होतं. काळ तोच असतो, पण एका वस्तूचं तो भलं करतो आणि दुसरीचं वाटोळं. वाइनच्या बाबतीत लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. 'जितकी जुनी तितकी चांगली' असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात जगात तयार होणारी बहुसंख्य वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ती ठेवली तर मुरत नाही, उतरते. मुरण्याची ताकद फार थोड्या वाइनमध्ये असते, आणि ती कोणत्या, हे ओळखणं हाच या धंद्यातला कळीचा प्रश्न.

जुन्या वाइनचं कौतुक रोमन लोकांनाही होतं. इसवीसनपूर्व १२१ साली ओपिमियस नावाचा कॉन्सल असताना द्राक्षांचा हंगाम असामान्य आला. त्या वर्षाची वाइन पुढे पिढ्यानुपिढ्या जपली गेली. जवळपास दोनशे वर्षांनी थोरला प्लिनी लिहितो, की ती आता कडवट मधासारखी झाली आहे, नुसती पिता येत नाही, दुसऱ्या वाइनमध्ये किंचित मिसळली जाते. म्हणजे प्रतिष्ठा शिल्लक होती, पण पिण्याजोगी वाइन राहिली नव्हती. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

रोमनांनंतर हे जुन्याचं कौतुक युरोपात जवळजवळ हजार वर्षं नाहीसं झालं. कारण अगदी व्यावहारिक आहे. रोमनांकडे तोंड घट्ट बंद करता येणारे मातीचे कुंभ होते. मध्ययुगात लाकडी पिंपं आली. पिंपातून हवा शिरते. बारा महिन्यांत वाइन आंबायला लागते. फ्रान्समधल्या बोर्दो बंदरातून शेकडो जहाजं इंग्लंडला वाइन घेऊन जात, तेव्हा मागणी असे ती ताज्या वाइनला. नवा माल उतरला की गेल्या वर्षीच्या मालाचा भाव कोसळायचा. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळी 'जुनी वाइन' म्हणजे पडेल भावाने काढायचा माल.

हे चित्र पालटलं ते दोन साध्या गोष्टींनी, काच आणि बूच. जहाजबांधणीसाठी लाकूड वाचावं म्हणून इंग्लंडच्या राजाने १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या. कोळशाची आच जास्त, त्यामुळे काच जाड आणि मजबूत व्हायला लागली. त्या बाटलीला पोर्तुगालहून येणारं बुचाचं झाड कामी आलं. अठराव्या शतकात बाटलीचा आकार हळूहळू लांबट, सरळ झाला आणि ती आडवी ठेवता यायला लागली. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं, आक्रसत नाही, आणि हवा जवळपास बाहेरच राहते. वाइन वर्षानुवर्षं ठेवता येते हे युरोपला पुन्हा कळलं ते असं.

बाटलीच्या आत काय चालतं?

आता आपण बाटलीच्या आत जाऊ. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने लुई पाश्चरला वाइन का बिघडते याचा शोध घ्यायला सांगितलं. पाश्चर द्राक्षबागांच्याच मुलखात, आर्ब्वा गावात वाढलेला. त्याने एक सोपा प्रयोग केला. काचेच्या नळ्यांत वाइन भरली आणि त्या वितळवून बंद केल्या. काही नळ्या काठोकाठ भरल्या, काहींत हवेला जागा ठेवली. काठोकाठ भरलेली वाइन जवळपास तशीच राहिली. हवा असलेल्या नळीतल्या वाइनचा रंग उतरला, तळाला गाळ बसला, चव जुन्या वाइनसारखी झाली. १८६६ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं. निष्कर्ष असा, की वाइनला म्हातारपण येतं ते प्राणवायूमुळे. खूप मिळाला तर ती बिघडते, थोडाथोडा मिळाला तर मुरते.

पुढच्या शतकात रसायनशास्त्राने यात भर घातली. रेड वाइनला रंग आणि तुरटपणा मिळतो तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. कच्चं केळं किंवा हिरडा तोंडात घातल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तेच हे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, तोंड कोरडं पडतं. कोवळ्या वाइनमध्ये रंगद्रव्यं मोकळी असतात, म्हणून ती जांभळट दिसते. वर्षं जातात तशी ही रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना धरतात. रंग माणकासारखा लाल होतो, मग विटकरी. काही भाग जड होऊन गाळ म्हणून खाली बसतो. तुरटपणाची धार कमी होते. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि त्या जागी सुकलेली पानं, तंबाखू, चामडं, ओली माती असे वास येऊ लागतात.

एक गोष्ट मात्र फारशी बदलत नाही, ती म्हणजे आंबटपणा. तो जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे फळाचा गाभा आधी संपला तर उरतो नुसता आंबटपणा आणि थोडा तुरटपणा. अशी वाइन पातळ, हाडकुळी लागते. ती मुरली नाही, वाळली.

म्हणून जाणकार जेव्हा कोवळी रेड वाइन तोंडात घेतो, तेव्हा तो मनाशी एकच हिशोब करत असतो : तुरटपणा आधी उतरेल की फळ आधी जाईल? ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून तो कडेचा रंग बघतो, कारण वय तिथे आधी दिसतं. मग वास घेतो. मग घोट तोंडात फिरवतो, तुरटपणा हिरडीवर खरखरीत लागतो की मऊ, हे बघतो. गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते तेही मोजतो. एवढ्या चार-पाच खुणांवरून पुढच्या वीस वर्षांचं भविष्य सांगायचं. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग खंडाने घेणारा व्यापारी असतो ना, त्याच जातीचं हे काम. फरक इतकाच, की आंब्याच्या व्यापाऱ्याचा हिशोब चार महिन्यांत चुकता होतो.

भावावरून ठरलेली प्रतवारी

बोर्दोमध्ये हा अंदाज बांधण्याचं काम दलालांकडे होतं. १८५५ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांकडून उत्तम वाइनची यादी मागवली. रेड वाइनच्या पाच प्रती ठरल्या. पहिल्या प्रतीत चार नावं : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (आपलं लातूर नव्हे, उच्चार मात्र तोच!) ही यादी दलालांनी वाइन चाखून केली, असा समज आहे. तसं नाही. त्यांनी बघितले ते अनेक वर्षांचे बाजारभाव. जिला सातत्याने जास्त भाव ती वरच्या प्रतीची.

ही पद्धत वाटते तितकी वाईट नव्हती. भावात अनेक वर्षांचा, अनेक गिऱ्हाइकांचा अनुभव साठलेला असतो. पण एकदा यादी छापली गेली आणि मग उलटा प्रवाह सुरू झाला. आधी भाव होता म्हणून प्रत मिळाली. आता प्रत आहे म्हणून भाव मिळू लागला. ही प्रतवारी जवळपास जशीच्या तशी आजही चालू आहे. ठळक म्हणावा असा एकच बदल झाला. दुसऱ्या प्रतीत टाकलेल्या मुतों रॉथशील्डला १९७३ मध्ये पहिल्या प्रतीत बढती मिळाली. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले ते.

या प्रतिष्ठेबरोबर एक समजूतही रुजली. खरी थोर रेड वाइन कोवळेपणी कडक, तुरट, काहीशी अबोल असते. ती लगेच आवडत नाही. तिला वेळ द्यावा लागतो. आणि जी कोवळेपणीच गोडगोड वाटते, ती लवकर मरते. आपल्याकडे 'कडू औषधच गुणकारी' म्हणतात तसाच हा विचार. यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण त्यातून एक सोयीस्कर ढालही तयार झाली. आज वाइन आवडली नाही? थांबा. दहा वर्षं थांबा.

पॅरिस, २४ मे १९७६

आता आपण त्या दहा बाटल्यांपाशी आलो. स्टीव्हन स्परियर नावाचा एक इंग्रज पॅरिसमध्ये वाइनचं दुकान आणि वाइन शिकवण्याची शाळा चालवत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी होत होती. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच जाणकारांना चाखायला द्याव्यात, असं त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर हिने ठरवलं. रेडमध्ये सहा बाटल्या कॅलिफोर्नियाच्या, चार बोर्दोच्या. बोर्दोच्या चार म्हणजे मुतों रॉथशील्ड, ओ-ब्रियों आणि मोंरोज या १९७० च्या, आणि लेओव्हिल-लास-काझ १९७१ ची. तगडी नावं.

परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच. त्यांत बर्गंडीच्या रोमाने-कोंतीचे सहमालक ओबेर द व्हिलेन होते, फ्रान्सच्या प्रमुख वाइन-मासिकाच्या संपादक ओदेत कान होत्या, पॅरिसच्या नामांकित उपाहारगृहांची माणसं होती. बाटल्यांवरची नावं झाकलेली. प्रत्येकाने वीसपैकी गुण द्यायचे. आधी व्हाइट वाइन झाल्या, आणि त्यात पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेनाचा आला. हा निकाल रेड चाखण्यापूर्वीच जाहीर झाला होता. म्हणजे रेडच्या वेळी परीक्षक सावध होते, आता चूक करायची नाही या तयारीत होते.

तरीही रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ सालची. ज्या वेलींची ती द्राक्षं, त्यांचं वय अवघं तीन वर्षं होतं. दुसरी मुतों. पुढच्या दोन जागा ओ-ब्रियों आणि मोंरोजच्या. पाचवी कॅलिफोर्नियाची रिज मॉन्टे बेल्लो, सहावी लेओव्हिल. शेवटच्या चारही जागांवर कॅलिफोर्नियाच्या वाइन. ओदेत कान यांनी आपला गुणपत्रिकेचा कागद परत मागितला, तो मिळाला नाही. हजर असलेला एकमेव पत्रकार, 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर, याने छोटी बातमी लिहिली आणि जगभर खळबळ उडाली.

इथे आपण जरा थांबू. रेडच्या निकालाकडे नीट बघितलं तर 'अमेरिकेने फ्रान्सला हरवलं' असं म्हणणं धाडसाचं आहे. पहिल्या दोघींच्या सरासरीत वीसपैकी पाव गुणाचाही फरक नव्हता. पहिल्या सहांत बोर्दोच्या चारही वाइन आहेत. शेवटच्या चारांत एकही नाही. एखाद्या शाळेचा एक मुलगा पहिला आला आणि चार मुलं तळाला गेली, तर ती शाळा जिंकली असं आपण म्हणू का?

'थांबा, मग बघा'

फ्रान्समधून आलेला आक्षेप वेगळा होता, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. आक्षेप असा : तुम्ही आमच्या वाइन कोवळ्या असताना चाखल्यात. १९७० ची बोर्दो म्हणजे अजून मूल आहे. कॅलिफोर्नियाच्या वाइन उन्हात पिकलेल्या, लवकर खुलणाऱ्या. आज त्या पुढे दिसतात, पण दहा वर्षांनी त्या मेलेल्या असतील आणि आमच्या नुकत्या बोलू लागतील.

हा आक्षेप फेटाळण्यासारखा नव्हता. नुकतंच आपण बघितलं, की फळ आधी जाणं हा खरा धोका असतो. कॅलिफोर्नियाच्या त्या बागांना लांबचा इतिहास नव्हता. क्लो द्यु व्हालचा १९७२ हा तर पहिलाच हंगाम. तीस वर्षं जुनी बाटली दाखवा म्हटलं तर त्यांच्याकडे नव्हती. बोर्दोकडे शंभर वर्षांच्या बाटल्या होत्या. ज्याच्याकडे भूतकाळ आहे तोच भविष्याबद्दल बोलू शकतो, असा एकूण सूर. आणि यात नुसती अब्रू पणाला लागलेली नव्हती. टिकणाऱ्या वाइनला टिकणारा भाव मिळतो, त्या भावावर जमिनीची किंमत ठरते. नापा खोऱ्यातल्या नव्या माणसांनी कर्ज काढून बागा लावल्या होत्या. त्यांची वाइन दहा वर्षांत मरणार असेल तर त्यांचं स्थान कायमचं खालच्या पायरीवर.

पण या आक्षेपात एक मोठा गुण होता. तो तपासता येत होता.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या तिन्ही जागा कॅलिफोर्नियाला. पण परीक्षक तिथलेच, आणि दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. त्यामुळे वाद मिटला नाही.

१९८६ मध्ये, दहा वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये स्परियरच्याच मदतीने पुन्हा चाचणी झाली. या वेळी पहिली आली क्लो द्यु व्हाल १९७२. पॅरिसमध्ये ती आठवी होती! दुसरी रिज मॉन्टे बेल्लो. या क्लो द्यु व्हालची गंमत अशी, की ती करणारा बेर्नार पोर्ते हा बोर्दोचाच मुलगा. त्याचे वडील शातो लाफीतमध्ये वाइन तयार करण्याच्या कामाचे प्रमुख होते. बोर्दोचा मुरण्याचा विचार तो सामानातून कॅलिफोर्नियाला घेऊन आला होता, असं म्हणायला हरकत नाही. म्हणजे 'आमची पद्धत विरुद्ध त्यांची पद्धत' ही सीमारेषाच मुळात पुसट होती.

आणि मग २४ मे २००६. बरोबर तीस वर्षं. एकाच दिवशी लंडनमध्ये आणि नापामध्ये, दोन वेगळ्या परीक्षकमंडळांनी त्या दहा वाइन चाखल्या. लंडनच्या मंडळात मायकेल ब्रॉडबेंट, ह्यू जॉन्सन, जॅन्सिस रॉबिन्सन अशी माणसं होती. बोर्दोच्या जुन्या वाइनवर ज्यांचा आयुष्यभराचा अभ्यास, अशी. आता कोवळेपणाची सबब नव्हती. वाइन पस्तीस वर्षांच्या आसपास होत्या.

एकत्रित निकाल असा लागला : पहिली रिज मॉन्टे बेल्लो १९७१. दुसरी स्टॅग्ज लीप १९७३. तिसऱ्या जागी बरोबरीने हाइट्झ मार्थाज व्हिनयार्ड १९७० आणि मायाकामास १९७१. पाचवी क्लो द्यु व्हाल. म्हणजे पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या. मुतों सहावी. फ्रीमार्क ॲबी १९६९, पॅरिसमध्ये शेवटची होती, ती इथेही शेवटची.

यातून काय सिद्ध झालं, आणि काय नाही

सिद्ध झालं ते इतकंच : 'या वाइन टिकणार नाहीत' हे भाकीत चुकलं. कोवळेपणी मोकळी, फळाने भरलेली वाइन म्हातारपणी कोसळतेच, हा नियम नाही. बोर्दोमध्येच शिकवणारे एमिल पेनो हे शास्त्रज्ञ आधीपासून याच दिशेने सांगत होते. द्राक्षं पूर्ण पिकू द्या, कच्चा तुरटपणा म्हणजे दीर्घायुष्य नव्हे, समतोल असेल तर वाइन लहानपणीही चांगली लागते आणि पुढेही. त्यांचं ऐकून बोर्दोच्या अनेक बागा पुढे बदलल्या. म्हणजे २००६ चा निकाल लागण्याआधीच बोर्दोने आपली जुनी समजूत बऱ्याच अंशी मागे टाकली होती.

आता जे सिद्ध झालं नाही ते. कॅलिफोर्नियाची वाइन बोर्दोपेक्षा श्रेष्ठ, हे यातून निघत नाही. बोर्दोच्या फक्त चार वाइन, फक्त दोन हंगामांतल्या. १९६१ चा हंगाम घेतला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं म्हणायला जागा आहे. शिवाय तीस वर्षांनी एकाच वाइनच्या दोन बाटल्या सारख्या राहत नाहीत. एकीचं बूच घट्ट, दुसरीचं सैल. एक थंड तळघरात, दुसरी चार घरं फिरलेली. पाश्चरच्या नळ्या आठवा.

आणि परीक्षकांचं काय? २००१ मध्ये बोर्दो विद्यापीठात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली, पण तिला गंध नसलेल्या रंगाने लाल केलेलं. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनचे शब्द वापरून केलं. नाकाआधी डोळ्यांनी निकाल दिला होता. कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. त्यांचा अहवाल २००८ मध्ये आला : स्वतःच्याच गुणांशी नीट सुसंगत राहिलेले परीक्षक दहांत एखादा. मुरलेल्या वाइनच्या कडेचा विटकरी रंग बघून आपण चवीत 'परिपक्वता' शोधायला लागतो, त्यात चव किती आणि डोळा किती, हे सांगणं अवघड आहे.

मग चाखून निवाडा करणं फोल का? आम्हांला तसं वाटत नाही. त्या चारही चाचण्या समोर ठेवा. सतत वरखाली झालेल्या वाइन आहेत, पण रिज मॉन्टे बेल्लो बघा : पाचवी, तिसरी, दुसरी, पहिली. आणि फ्रीमार्क ॲबी पहिल्या दिवशी शेवटची, तीस वर्षांनीही शेवटची. एका दिवसाच्या, एका मंडळाच्या निकालात अपघात खूप असतो. वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी, नावं झाकून पुन्हा पुन्हा चाखलं की खरी गोष्ट हळूहळू वर येते. निवाडाही मुरावा लागतो.

पॅरिसच्या नऊ जणांना नंतर फार बोल लावले गेले. आमच्या मते ते अन्यायाचं होतं. त्यांनी त्या दिवशी ग्लासात जे होतं त्याला गुण दिले, आणि ते प्रामाणिकपणे दिले. २००६ मध्ये रिज पहिली आली म्हणून १९७६ मध्ये तिला पाचवी ठरवणारे चुकले, असं होत नाही. १९७६ ची वाइन २००६ मध्ये अस्तित्वातच नव्हती. चुकले ते ग्लासाकडे न बघता भविष्य सांगणारे. त्यांच्याकडे इतिहास होता, आणि इतिहासालाच त्यांनी पुरावा मानलं. ओपिमियसच्या वाइनची प्रतिष्ठा दोनशे वर्षं टिकली होती. वाइन टिकली नव्हती.

जाता जाता आपल्या दाराशी येऊ. नाशिकचा आजचा वाइन-उद्योग मुख्यतः गेल्या पंचवीस वर्षांत उभा राहिला. आपल्याकडे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे उन्हाळा चढत असताना. युरोपात ती थंडीकडे जाताना होते. अशा हवेतली रेड वाइन किती वर्षं मुरेल? 'उष्ण देशाची वाइन टिकत नाही' असं कोणी ठामपणे म्हणालं, किंवा 'आमची फ्रान्सच्या तोडीची आहे' असं कोणी म्हणालं, तर दोघांनाही एकच विनंती करावी. आजच्या बाटल्यांतल्या काही थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवा. वर तारीख लिहा. आपलं भाकीतही कागदावर लिहून, सही करून त्यांच्याशेजारी ठेवा. दहा वर्षांनी नावं झाकून चाखा आणि मग तो कागद सगळ्यांसमोर वाचा.

बाटल्या ठेवणारे पुष्कळ भेटतात. कागद ठेवणारे फार थोडे.